फक्त डोळे राहिलेत

१

दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत, पहिल्या रविवारी, मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवतो आणि माझ्या जुन्या चित्रवह्यांना ऊन दाखवतो. आमच्या रोह्याच्या हवेत एक वर्ष जरी हे चुकलं तरी कागदाला बुरशी धरते. गच्चीच्या अर्ध्या भागात वनिता, म्हणजे माझी बायको, जुन्या साडीवर पापड पसरते आणि उरलेल्या अर्ध्यात माझी कला वाळत पडते. कावळे दोन्हींवर सारख्याच आस्थेनं बसतात.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. सत्तावीस वर्षं झाली. एरवी वह्या नुसत्या उघडून उन्हात ठेवायच्या आणि तिसऱ्या प्रहरी गोळा करायच्या, एवढंच करतो. यंदा मात्र मी त्या सालाप्रमाणे ओळीनं मांडल्या. नववीची पोरं सारखी म्हणतात, ‘सर, आम्हाला जलरंग जमत नाही’, तर त्यांना दाखवावं की त्यांच्या वयात त्यांचा मास्तर किती भिकार रंगवायचा. हे सांगायचं कारण. खरं कारण असं की मी किती सुधारलो ते मलाच बघायचं होतं. पन्नाशीला कुणी पाठ थोपटत नाही, आपली आपणच थोपटून घ्यावी लागते.

पेटीत प्रणिताच्याही दोन वह्या असतात. प्रणिता आमची एकुलती एक, वीस वर्षांची. जानेवारीपासून ती पेणला माझ्या मामांच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी शिकते आहे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी सगळं रंगकाम उरकल्यावर, अगदी शेवटी. खरं तर मीही तिथंच चिकटणार होतो. पंधराव्या वर्षी मोतीराममामांनी माझ्या हाती तीन मूर्ती दिल्या होत्या. तिन्ही तिरळ्या झाल्या. मामांनी हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाले, ‘तू झाडं काढ.’ तेव्हापासून मी झाडं काढतो. माणसाचे डोळे आजतागायत काढलेले नाहीत. चित्रात चेहरा आलाच तर डोळ्यांच्या जागी सावली टाकून मोकळा होतो.

प्रणिताला मात्र मामांनी पहिल्याच महिन्यात आपल्या पाटाशेजारी बसवून घेतलं. ‘साठ वर्सांत असा हात बघितला नाय,’ असं ते मला फोनवर म्हणाले. मला आनंद झाला. जरा पोटातही दुखलं, खोटं कशाला बोलू.

तर मी पहिली वही उघडली. चौदा वर्षांचा असतानाची. पोपटी झाडं, निळीत बुडवलेलं आभाळ, चार काड्यांची गाय. एकटाच हसलो. मग एक डाग दिसला.

जलरंगात असे डाग पडतातच. अर्धवट सुकलेल्या रंगात पाणी सांडलं की कडा फुलारतात. पोरांना मी त्याला ‘कोबी’ म्हणायला शिकवलंय. पहिल्या वहीत असे नऊ कोबी सापडले. नवल त्याचं नव्हतं. सगळे एकाच रंगाचे होते, ओल्या शाडूसारखे करडे. माझ्याकडे तेव्हा बारा वड्यांची पेटी होती आणि तीत करडा नव्हता.

२

ऊन चढलं तसा मी छत्री लावून बसलो आणि पुढच्या वह्या काढल्या. अठराव्या वर्षापर्यंत मला पाणी आवरायला आलं होतं. आभाळ सपाट, नदी स्वच्छ, कुठं ओघळ नाही. म्हणजे कोबी संपायला हवे होते. पण दर चार-पाच पानांनी एक होताच. जिते स्टेशनच्या फलाटाचं चित्र मला चांगलं आठवतं, गाडी चुकली म्हणून काढलं होतं. त्यात बाकड्याच्या टोकाला तोच करडा डाग. आता त्याच्या कडा फुलारलेल्या नव्हत्या. वर अरुंद, खाली रुंद असा नीट आकार होता.

मी शहाण्या माणसासारखा विचार केला. एका पानाचा ओलावा दुसऱ्यावर उतरला असेल. पण मग डाग एकाच जागी हवा. तो कधी विहिरीच्या कठड्याशी होता, कधी बांधावर, कधी देवळाच्या पायरीवर. कागद खराब असेल म्हणावं, तर सहा वह्या सहा दुकानांतल्या. गच्चीवर वाऱ्यानं पानं फडफडत होती आणि पापडांवर वनितानं ठेवलेले दगड अधूनमधून खडखडत होते. मी उठून वह्यांवरही दगड ठेवले.

तिसाव्या वर्षीच्या वहीत त्याला खांदे आले. पस्तिसाव्या वर्षीच्या वहीत मांडीवर ठेवलेले हात. मग पदर, पदराची घडी, कानामागचे केस. बसलेली होती ती आकृती. ताठ, हात मांडीवर घेऊन, फोटो काढायला बसवतात तशी. एका चित्रात ती विटांच्या ढिगावर होती, दुसऱ्यात वाळूत. शेजारी काम करणारी माणसं होती, गुरं होती, त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

भिंगातून फटकारे बघितले. मी डावखुरा आहे, माझी रेघ उजवीकडून डावीकडे झुकते. ती पदराची घडी माझ्याच हातची होती. चांगली उतरली होती, आणि क्षणभर मला त्याचा अभिमानही वाटला. पण अशी बाई मी कधी काढल्याचं मला आठवत नव्हतं. एकही नाही.

मग मी एक गोष्ट केली आणि ती केली नसती तर बरं झालं असतं. पट्टी घेऊन सगळ्या चित्रांत तिची उंची मोजली. अंतराचा हिशेब पोरांना शिकवतो तोच. पहिल्या वहीतल्या डागापासून गेल्या वर्षीच्या पदरापर्यंत ती माझ्यापासून सारखीच लांब होती, सात-आठ पावलांवर. छत्तीस वर्षांत ती एक पाऊलही जवळ आली नव्हती. पहिल्यापासून ती तशीच बसलेली होती. माझा हात तेवढा सुधारत गेला होता.

३

वनिताला लगेच सांगितलं नाही. सांगणार काय? चार वाजता सायकल काढली आणि कुंडलिका नदीच्या घाटावर गेलो. लख्ख ऊन होतं. जवळच्या वरसे गावातला गुणाजी गुडघाभर पाण्यात म्हशी धूत होता. समोरच्या पायऱ्या रिकाम्या. मी तासभर बसून चित्र काढलं. दर दोन मिनिटांनी पायऱ्यांकडे नजर टाकत होतो.

शेवटी गुणाजीला विचारलंच. ‘तिथं पायरीवर कुणी बसलंय का रे?’

‘कोन नाय, मास्तर,’ तो म्हणाला. ‘ऊन लागलं का तुमाला?’

मीही कागद नीट तपासला. पाणी, म्हशी, पायऱ्या, गुणाजीचा बनियन. बाकी काही नाही. इतकं हलकं वाटलं की येताना वडापाव घेऊन आलो.

वनितानं चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. ‘बरी काढलीय हो,’ ती म्हणाली. ‘कोन ही?’

‘ही म्हणजे कोण?’

‘ही काय, पायरीवरची. डोळे तेवढे राह्यलेत तिचे.’

तिनं बोट ठेवलं आणि मला दिसली. आधी का दिसली नाही ते मी सांगू शकत नाही. चेहरा पूर्ण होता. कपाळ, गालफडं, मिटलेले ओठ, ओठांच्या कोपऱ्याशी एक सुरकुती. असा चेहरा माझ्या हातून आयुष्यात उतरला नव्हता. आणि डोळ्यांच्या जागी कोरा कागद. नेहमीसारखी सावलीही टाकली नव्हती. जागा राखून ठेवली होती.

मग मी वनिताला सगळ्या वह्या दाखवल्या. तिनं शेवटची वही मिटली. नंतर उठली आणि प्रणिताची लहानपणची वही घेऊन आली. पान शोधायला तिला वेळ लागला नाही, म्हणजे ते तिच्या मनात कधीपासून होतं.

खडूनं काढलेलं चित्र. प्रणिता तेव्हा सहा वर्षांची. स्टुलावर बसून रंगवणारा मी, आणि माझ्यासमोर, हात मांडीवर घेऊन, एक बाई. गोल चेहरा, नाक, तोंड. डोळे नाहीत. प्रणितानं सांगायचं आणि वनितानं चित्राखाली लिहायचं असा त्यांचा खेळ असायचा. वनिताच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बाबा चित्र काढतात. ती बसली आहे.’

‘तवा मी विचारलं व्हतं तिला,’ वनिता म्हणाली. ‘डोळे का नाय काढले गो? तर म्हनाली, ती अजून झाली नाय.’

आम्ही दोघंही स्वयंपाकघरात बसलो होतो. वर पंखा एक पातं घासत फिरत होता. मी स्वतःची समजूत घालत होतो की माझ्यापुरतं हे इथंच थांबणार. डोळे मला येत नाहीत, मी काढणार नाही, त्या बाईनं आणखी छत्तीस वर्षं खुशाल बसावं. माझी प्रगती चेहऱ्यापर्यंत, पुढे रस्ता नाही. ही पहिलीच वेळ की माझ्या अडाणी हाताचं मला बरं वाटलं.

पण वनिता माझ्याकडे बघत नव्हती. ती प्रणिताच्या वहीकडे बघत होती. आणि मग मलाही कळलं. आमच्या घरात डोळे काढता येणारं माणूस एकच होतं, आणि ते पेणला बसून रोज त्याचाच सराव करत होतं.

४

त्या संध्याकाळी तिचा फोन लागला नाही, आखणीच्या दिवसांत ती तो बंदच ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. साडेबारा वाजता तिचाच आला. मागे कॉम्प्रेसरची घरघर होती, मूर्तींवर रंगाचा फवारा चालू होता.

‘काय ओ बाबा, फोन चालू केला तर दहा मिस्ड कॉलचे मेसेज? आई बरी हाय ना?’

‘बरी आहे. तू कागदावर काही काढतेस का सध्या?’

‘काढते की. आजोबांनी सांगितलंय, मूर्तीवर हात घालायच्या आधी कागदावर शंभर डोळे झाले पायजेत.’ मोतीराममामांना ती आजोबा म्हणते. ‘आणि ऐका ना, शनिवारी एक चेहरा असला भारी आलाय. म्हातारीही नाय, तरुणही नाय. कुणाला बघून काढला नाय, आपसूक आला. फक्त डोळे राहिलेत. आता जेवणाच्या सुट्टीत करते.’

काय सांगणार होतो मी? बापानं हिरमुसल्या सुरात ‘नको काढू’ म्हटलं तर पोरगी काय समजेल तेही मला ठाऊक होतं. मामांनी माझ्या हातून ब्रश काढून घेतल्याची गोष्ट तिनं शंभरदा ऐकली आहे.

‘मी येतोय,’ एवढंच म्हणालो. ‘मी येईपर्यंत थांब. मला बघायचंय.’

‘दीडपर्यंत या मग. दोनला परत काम चालू.’

मोटारसायकल काढली. नागोठण्यापर्यंत रस्ता मोकळा होता. वडखळला डोलवीच्या कंपनीकडे वळणाऱ्या ट्रेलरांची रांग लागली होती आणि दुसऱ्या बाजूनं शिफ्टच्या बसगाड्या. उन्हात अर्धा तास उभा राहिलो. चार वेळा फोन लावला. आखणीला बसताना फोन खणात टाकायचा असा मामांचा नियम आहे. प्रत्येक वेळी तो बंद लागला आणि प्रत्येक वेळी मला कळत गेलं की ती आता पाटावर बसली आहे.

५

कारखान्यात पोचलो तेव्हा दोनला दहा कमी होते. कॉम्प्रेसर बंद. जेवणाची वेळ, सगळे कारागीर मागच्या पडवीत. पुढच्या लांब खोलीत फळ्यांवर सफेदा दिलेल्या मूर्तींच्या रांगा, छपरापर्यंत. त्यांना डोळे नव्हते हे मी जन्मापासून बघत आलोय, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तरी मी त्यांच्यामधून जाताना खाली बघत गेलो.

जिन्याच्या तोंडाशी मोतीराममामा डबा उघडून बसले होते. एक्याऐंशी वर्षांचे.

‘सुभाष? आज कुठं वाट चुकलास रं?’

‘प्रणिता कुठाय?’

‘माडीवर. डोळ्यांना बसलीय. तू वर जाऊ नको. मधी उठवायचं नाय, ठावं हाय ना तुला?’

ठाऊक होतं. दोन डोळ्यांची बैठक एक. पहिला डोळा काढला की दुसरा होईपर्यंत कारागीर उठत नाही, बोलत नाही, मागून त्याला कुणी हाक मारत नाही. एका डोळ्याची मूर्ती त्या कारखान्यात कधी राहिलेली नाही. हे सगळं मला पाठ होतं आणि तरी मी लाकडी जिना धडधडत चढलो, खिडकीशी वाकून बसलेल्या माझ्या मुलीचं मनगट धरलं आणि ब्रश ओढून घेतला.

‘बाबा!’ ती किंचाळली.

एक डोळा झाला होता.

मी तो बघितला आणि कागद फाडायला हात घातला. तेवढ्यात मामा धापा टाकत वर आले. त्यांनी वही बघितली, मग माझी मूठ बघितली.

‘तू हात धरलास तिचा?’ ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. ‘अर्ध्यात?’

‘फाडून टाकतो, मामा.’

‘उघडला डोळा फाडतात व्हय रं? कुठं शिकलास?’ ते भिंतीला टेकले. ‘पुरा करायला पायजे. आत्ताच्या आत्ता. हितंच बसून.’

प्रणितानं हात पुढे केला. मी ब्रश दिला नाही. तिला काही कळलं नव्हतं, ती रडवेली झाली होती, आणि तो एक डोळा सरळ तिच्याकडे लागलेला होता. ज्यानं काढला त्याच्याकडेच तो बघणार.

मला एकच सुचलं. चांगल्या आखणीची खूण अशी की दोन्ही बुबुळं जुळली की नजर जिवंत होते आणि तुम्ही कुठंही उभे राहा, मूर्ती तुमच्याकडे बघते. आणि बुबुळ केसभर जरी सरकलं तरी नजर फुटते, मग ती कुणाकडेच बघत नाही. म्हणजे दुसरा डोळा बिघडवायचा होता. ते मला येत होतं. खरं तर तेवढंच येत होतं.

‘ऊठ,’ मी प्रणिताला म्हणालो आणि तिच्या जागेवर बसलो.

झिरो नंबरचा ब्रश. काळा रंग. मी ठरवून बुबुळाची जागा कानाकडे धरली, अगदी भोंगळ. पापणीची रेघ टाकली आणि ती एका श्वासात गेली. हाताला कंप नव्हता. नंतर काय झालं ते मी बघत होतो असंच म्हणावं लागेल. ब्रश कानाकडे गेला नाही. तो जिथं जायला हवा तिथं टेकला, गोल फिरला, वर चमकीपुरता कोरा ठिपका सोडला आणि उचलला गेला. हे लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की डोळ्यांत पाणी आलं. पस्तीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते हेच होतं.

मी ब्रश खाली ठेवला.

‘मामा,’ मी म्हणालो, ‘कुणाकडं बघतेय?’

मामा डावीकडे भिंतीशी होते. त्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली. ‘माझ्याकडं,’ ते म्हणाले.

मी सरळ समोर बसलो होतो. माझ्याकडे बघत होती. प्रणिता उजवीकडे, जिन्याच्या कठड्याशी. तिला विचारायची हिंमत झाली नाही. तिचा चेहराच सांगत होता.

‘तू खाली जा,’ मी म्हणालो. ‘आईला फोन लाव, मी पोचलो सांग. जा, बाळा.’

ती उलट्या पावलांनी जिना उतरली. मी एकेक पायरी वाजताना ऐकली. मग पुढच्या खोलीत, मूर्तींच्या रांगांमधून तिचे पाय वाजले आणि थांबले. मी आणि मामा एकमेकांकडे बघत होतो. मागच्या पडवीत कुणीतरी हात धुवत होतं, पाणी पत्र्यावर पडत होतं.

‘बाबा,’ प्रणिता खालून म्हणाली, अगदी हळू. ‘वही मिटा ना. ती अजून बघतेय माझ्याकडं.’

वही मी केव्हाच मिटली होती.